नावाखालचा गंज



तुमच्या गावच्या देवळापुढे एखादा लोखंडी बाक असेलच. पाठीवर कुणाचे तरी नाव आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. आमच्या देवळापुढच्या बाकावर माझ्या वडिलांचे नाव होते. दर वर्षी पालखी येण्याआधी आम्ही भाऊ तो बाक घासून रंगवायचो, पण नावाला हात लावत नव्हतो. अक्षरे सोडून भोवतीने रंग.

यंदा पाहिले, तर पत्रा नेमका नावापाशीच फुगला होता. लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले की गंज धरतो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरचा रंग उचलला जातो. त्या फटीत ओल साठते आणि गंज आत सरकत राहतो. वरून रंगाचे कितीही हात मारले तरी तो थांबत नाही. कोरे लोखंड दिसेपर्यंत खरवडावेच लागते.

म्हणजे बाक वाचवायचा तर वडिलांचे नाव खरवडायचे. तारेचा ब्रश हातात घेऊन मी थांबलो. हा त्यांचा अनादर तर होणार नाही? आईला विचारले. ती म्हणाली, “आधी बसण्याजोगा करा. नावाचं मग बघू.”

बारीक धूळ अडवणारा मास्क लावून खरवडले, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. कुजलेला भाग कापून वेल्डिंगवाल्याकडून नवा पत्रा जोडून घेतला. दमट हवेत घासलेल्या लोखंडावर रातोरात तांबूस झाक येते, म्हणून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावला. तो वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन हात दिले. पाय पाण्यात राहू नयेत म्हणून खाली चपटे दगड ठेवले.

माउली, दानावर नाव घालण्यात पाप नाही. आपल्या माणसाची आठवण राहावी असे कुणाला वाटत नाही? पण नाव आणि सेवा यांतले एकच राखता येत असेल, तेव्हा काय राखायचे? आम्ही इतकी वर्षे नाव जपत होतो आणि ज्यासाठी बाक दिला ती टेकायची जागाच घालवत होतो. वैष्णवांच्या चरणांची धूळ लागावी म्हणून नामदेवरायांनी महाद्वारी पायरीपाशी जागा मागितली, असे आपली परंपरा सांगते. त्यांनी नाव मागितले नाही. तरी पायरी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आमच्या बाकावर अजून नाव घातलेले नाही. आईची इच्छा झाली तर घालू, पण वेगळ्या पट्टीवर, स्क्रूने बसवून. पुढच्या खेपेला ती काढून खालचा गंज पाहता येईल.

पालखी येण्याआधी तुमच्या गावचा बाकही एकदा हाताने चाचपून पाहा. आधी नावापाशी पाहा.