सुगम आणि दुर्गम

जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांतही पंगती असतात. वरच्या पंगतीला अब्दुल करीम खाँसाहेब, केसरबाई, मल्लिकार्जुन. मधल्या पंगतीला नाट्यसंगीत. आणि दाराशी, चपलांजवळ, आमच्यासारखे : इनॉक डॅनियल्सचं अ‍ॅकॉर्डियन, व्हॅन शिप्लेची गिटार, प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ जमवणारे. चाल ओळखीची, गायक गैरहजर, ऐकणाऱ्याला तोशीस नाही.

माझा एक शास्त्रोक्त मित्र आहे. (गाणं शास्त्रोक्त ऐकतो एवढंच, बाकी वागणं सुगमच.) तो म्हणतो, “ज्याला कष्टच पडले नाहीत तो आनंद कसला रे? फुकटची मिठाई ती!” प्रश्न हसून झटकण्यासारखा नाही. न कमावलेला आनंद आपला म्हणावा की नाही?

पुण्याच्या जुन्या बाजारात या प्रश्नावर थोडा प्रकाश पडतो, कारण तिथे ऊन भरपूर. एलपीच्या एका बाजूला अथपासून इतिपर्यंत एकच लांबलचक खाच असते. तबकडी मिनिटाला ३३ आणि वर एक तृतीयांश फेऱ्या मारते आणि सुई त्या खाचेतून जाता जाता तिला किंचित झिजवते. म्हणजे तबकडी ही साक्षीदार. उन्हात तिरकी धरा, सगळं सांगते. मोठमोठ्या ख्यालांच्या तबकड्या मला बहुधा कोऱ्याकरकरीत दिसल्या. काठाची दोन बोटं करडी, पुढे काळीकुळकुळीत. विलंबित जेमतेम रंगात येतंय तोवर मंडळी उठून गेलेली! आणि आमचं अ‍ॅकॉर्डियन? चरे, चहाचे डाग, कव्हरावर आहेर देणाऱ्याचं नाव. एकावर तर दुधाचा हिशेब. “झिजणं हा काय पुरावा? उंबरठासुद्धा झिजतो,” मित्र म्हणतो. तेच तर म्हणतोय मी. घरात माणसं नांदली म्हणून झिजतो.

सरकारनेही एकदा हा प्रश्न हाती घेतला होता. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. गृहस्थ मूळचे पुण्याचे आणि गाण्यातले दर्दी. म्हणजे दुसऱ्याने काय ऐकावं याविषयी मत असणारच. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि जागा भरायला सुगम संगीत आलं. सुगम किती असावं तेही दिल्लीने ठरवायचं! लोकांनी रेडिओचा काटा मुकाट्याने सिलोनकडे फिरवला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. मधली पाच वर्षं त्या खरखरीतून सिलोन पकडत बसणं याला कष्ट म्हणायचं नाही तर काय?

कष्टांवरून आहुपे आठवलं. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाचं हे गाव, दुर्गम म्हणून ओळखलं जाणारं. तिथे माझा एक स्नेही शिक्षक होता. मी डिंभे धरणाच्या कडेकडेने एस.टी.ने गेलो. गाव सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर. एकीकडे भैरवनाथाची देवराई, दुसरीकडे कडा, आणि खाली एकदम मुरबाड. खोपिवलीहून घाट चढून आलेली शहरी पोरं घामाघूम होऊन सांगत होती, “गाडीने येणाऱ्यांना ह्या दृश्याची किंमत कळायची नाही.” त्याच घाटाने गावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ओझी घेऊन कोकणात चढली-उतरली आहेत. त्यांच्यापैकी कुणी एस.टी.बद्दल मला कमी लेखल्याचं स्मरत नाही. कष्टांना पुण्य बहुधा तोच म्हणतो ज्याला ते रविवारीच करायचे असतात.

बरोबर बॅटरीवरचा प्लेअर आणि डॅनियल्स होते. शाळेच्या ओट्यावर मैफल मांडली. शेजारच्या अंगणात एक आजी बाळहिरडा वाळत घालत होत्या. सकाळपासून वाकून कंबर धरलेली. एक बाजू संपली तशी त्यांनी विचारलं, “गाणारा कुठं गेला?”

“गाणारा नाहीच यात, आजी. नुसतं वाजतंय.”

“मंग बरंय. आपल्याला म्हनाया जागा ऱ्हाती.”

दुसरी बाजू लागली आणि त्या चालीवर आजी स्वतःचंच काही म्हणू लागल्या. शब्द मला कळले नाहीत.

हे मी मित्राला सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, “सुरात होत्या का?”

“ते नाही पाहिलं,” मी म्हणालो. “हिरडा मात्र भराभर पसरत होता.”