कोलंबोचे पहिले नाव

गुन्ह्याच्या तपासावर रचलेले नाटक प्रेक्षकाशी एक अलिखित करार करीत असते, आणि तो असा की, येथे जे जे दृष्टीस पडेल ते निरर्थक असणार नाही. टेबलावरचा अर्धवट भरलेला पेला, भिंतीवरच्या घड्याळातील वेळ, पाहुण्याने डाव्या हाताने पेटविलेली सिगारेट, यांपैकी कोणतीही गोष्ट अखेरीस पुरावा म्हणून पुढे येण्याचा संभव आहे. इतर नाटकांत तपशील येतो तो वातावरणनिर्मितीसाठी. येथे तो मुद्देमाल म्हणून दाखल होतो. ज्या प्रेक्षकाला वर्षानुवर्षे ही तालीम देण्यात आली, त्याने पुढे लेखकाने न पेरलेल्या तपशिलांचाही पंचनामा सुरू केला, नायकाच्या मोटारीचा क्रमांक टिपून ठेवला, एका भागातील विधान दुसऱ्या भागातील विधानाशी ताडून पाहिले, तर त्याला वेडगळ ठरविण्याचा अधिकार निदान नाटककर्त्यांना तरी पोचत नाही.

या चिकित्सेचा सर्वांत मनोरंजक नमुना म्हणजे अमेरिकेतील ‘कोलंबो’ या दूरचित्रवाणी-मालिकेचे रसिक. रिचर्ड लेव्हिन्सन व विल्यम लिंक या लेखकद्वयाने निर्माण केलेला आणि पीटर फॉक या नटाने अजरामर केलेला लॉस एंजेलिसचा हा पोलीस लेफ्टनंट १९६८ साली प्रथम फॉकच्या रूपाने अवतरला, १९७१ पासून नियमित मालिकेत दिसू लागला, आणि मधल्या दहाएक वर्षांच्या खंडासह २००३ पर्यंत एकूण ६९ भागांत वावरला. चुरगळलेला रेनकोट, विझत आलेला चिरूट, खिळखिळी झालेली प्यूजो ४०३ मोटार आणि ज्याला नावच दिलेले नाही असा एक आळशी बॅसेट हाउंड जातीचा कुत्रा, एवढा त्याचा सरंजाम. रेनकोट तर फॉकच्या स्वतःच्या कपाटातला होता.

या मालिकेची रचना उलटी आहे. खून कोणी केला, कसा केला, हे आरंभीच्या वीस-पंचवीस मिनिटांत प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडते. नायक येतो तो त्यानंतर, आणि उरलेला वेळ तो खुन्याच्या भोवती घुटमळत, जाता जाता दारातून परत वळून आणखी एकच क्षुल्लक शंका विचारीत, त्याचा धीर खचवीत राहतो. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने हा प्रकार कथेत १९१२ मध्येच हाताळला होता; दूरचित्रवाणीवर तो रुजविला कोलंबोने. परंतु या रचनेचा एक परिणाम, माझ्या मते, तिच्या कर्त्यांच्याही हिशेबात नसावा. गुन्हेगार कोण हा प्रश्न पहिल्याच घटकेला निकालात निघाल्यामुळे प्रेक्षकाच्या अंगची शोधक वृत्ती बेकार राहते, आणि बेकार राहिलेली ही वृत्ती शेवटी स्वतः तपासनिसाकडे वळते. खुनाचे सर्व कागदपत्र आपल्यापुढे उघडे आहेत. उघडा नाही तो हा मनुष्य. त्याचे पहिले नाव काय? त्याची बायको कोठे आहे? तो नजर जराशी तिरपी ठेवून का पाहतो? कोलंबोच्या रसिकांनी ज्या तपशिलांचा कीस काढला ते बहुतेक खुनासंबंधी नसून खुनाचा तपास करणाऱ्यासंबंधी आहेत, याचे इंगित मला या रचनेत दिसते.

नावाचाच मामला घ्या. त्याला नाव नाही, अथवा असल्यास ते कोणास ठाऊक नाही, हा लेव्हिन्सन-लिंक यांचा दंडक होता. १९७४ च्या एका भागात लष्करी विद्यालयाचा प्रमुख त्याला नाव विचारतो, तेव्हा नाव आहे, पण ते वापरणारी बहुधा माझी बायकोच, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो विषय मिटवितो. असे असता १९७१ च्या ऑक्टोबरात प्रक्षेपित झालेल्या ‘डेड वेट’ या भागात तो आपले पोलिसी ओळखपत्र उघडून पुढे धरतो, कॅमेरा क्षणभर त्यावर थबकतो, आणि त्या कार्डावर सही आहे ती चक्क ‘फ्रँक कोलंबो’ अशी. ज्या काळी कार्यक्रम एकदाच दिसे आणि हवेत विरून जाई, त्या काळी अमेरिकन दूरचित्रवाणीच्या ५२५ रेषांच्या अंधुक चित्रात ही सही वाचण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. नेपथ्य-सामानाच्या खात्यातील कोणा कारकुनाने रिकामी जागा रिकामी दिसू नये म्हणून काहीतरी लिहिले असेल, आणि ते कोणी वाचणार नाही या हवाल्यावरच लिहिले असेल. पुढे घरोघरी चित्रफितीची यंत्रे आली, तबकड्या आल्या, चित्र गोठवून ठेवण्याची कळ बोटाखाली आली, आणि आजवर केवळ श्रवणभक्तीने चाललेल्या या संप्रदायाला एकाएकी पोथी मिळाली. पोथी मिळाली की पाठभेद निघणारच.

गंमत अशी की ‘डेड वेट’ या भागाचे कथानक नेमके याच प्रश्नाभोवती फिरते. एक निवृत्त सेनाधिकारी आपल्या घरात खून करतो. समोरच्या पाण्यात नावेत बसलेली एक तरुणी तो प्रकार दुरून पाहते. आणि पुढे तो सेनाधिकारी गोड बोलून, तिच्यावर प्रेमाचे जाळे पसरून, तिला स्वतःच्याच डोळ्यांविषयी संशय घ्यावयास लावतो. खुनाचे हत्यार कोठे दडविले, तर ज्या प्रदर्शनात त्याच्या पराक्रमाच्या वस्तू मांडलेल्या आहेत तेथेच, सर्वांच्या नजरेसमोर. ज्या भागात पुरावा उघड्यावर मांडून ठेवला आहे आणि तो पाहणाऱ्याला तू पाहिलेच नाहीस असे सांगितले जात आहे, त्याच भागात नायकाचे नाव उघड्यावर पडावे आणि कर्त्यांनी पुढे नावच नाही असे म्हणत राहावे, हा योगायोग कोणा रसिकाला योगायोग वाटला नाही तर त्याला दोष कसा द्यावा?

तरीही पुराव्याच्या तराजूत ही सही किती वजनाची? दस्तऐवज साक्षीपेक्षा बळकट, हा कचेरीतला सामान्य नियम. पण हा दस्तऐवज ज्या जगातला आहे त्या जगात तो कोणी लिहिला, आणि आपल्या जगात कोणी, याची उत्तरे निराळी आहेत. उलट बायकोविषयीचा पुरावा पाहा. तिला कोणते गाणे आवडते, ती कोणत्या नटीवर किती फिदा आहे, हे सारे आपल्याला कळते ते नवऱ्याच्या तोंडून, आणि नवरा ते बोलतो तो बहुधा संशयिताला गाफील ठेवण्यासाठी. म्हणजे साक्षीदार एकच, तोही हितसंबंधी, आणि साक्ष देतेवेळी त्याच्या धंद्याचा भाग म्हणून थापा मारण्याची त्याला पूर्ण मुभा. काही भागांत तो तिच्याशी दूरध्वनीवर बोलतो, परंतु ऐकू येतो तो त्याचाच आवाज. १९७५ च्या एका भागात तर तिच्यासह तो जहाजावर सहलीस निघतो, तिला शोधत सबंध जहाजभर फिरतो, आणि ती आपल्या दृष्टीस म्हणून पडत नाही. ती मुळात अस्तित्वातच नाही असा निष्कर्ष काही रसिकांनी काढला, तो मला घाईचा वाटतो. पण ती आहे असे सिद्ध करण्याचा भार कोणी उचलला तर त्याची त्रेधा उडेल हेही खरे.

डोळ्याचा तपशील यांहून न्यारा. फॉकचा उजवा डोळा वयाच्या तिसऱ्या वर्षी गाठीच्या रोगामुळे काढावा लागला होता, आणि त्याच्या जागी कृत्रिम डोळा होता. हा तपशील कोणी पेरलेला नव्हता, की कोणाच्या नजरचुकीने आलेला नव्हता. नटाच्या देहाबरोबर तो आपसूक आला. मग लेफ्टनंटही एकाक्ष समजावयाचा काय? जवळजवळ तीस वर्षे मालिकेने याविषयी मौन पाळले, आणि १९९७ मध्ये एका सहकाऱ्याला बरोबर पाहणीस बोलाविताना कोलंबोने, एकापेक्षा तीन डोळे बरे, असा विनोद करून तो वाद हसत हसत मिटविला.

असल्या चिकित्सेची परंपरा दूरचित्रवाणीहून कितीतरी जुनी आहे. डॉ. वॉटसनला युद्धातील गोळी एका कादंबरीत खांद्याला लागलेली आहे तर दुसरीत पायाला. या विसंगतीवर आणि असल्या इतरांवर रोनाल्ड नॉक्स याने १९११ साली ऑक्सफर्डमध्ये जो निबंध वाचला, तो वस्तुतः धर्मग्रंथांचे तुकडे करणाऱ्या जर्मन पंडितांची थट्टा होता, परंतु थट्टेतूनच एक शास्त्र जन्मास आले. आपल्याकडे मीमांसकांनी वेदातील एकही वाक्य निष्प्रयोजन नाही हे गृहीत धरून जो समन्वय साधला, त्याच्याशी या उद्योगाचे नाते मला अगदी जवळचे वाटते. अंतर इतकेच की मीमांसकांच्या ग्रंथाला कर्ता नव्हता, आणि या ग्रंथाला कर्ते फार झाले. लेखक, दिग्दर्शक, नट, सामानाच्या खात्यातला कारकून, सगळ्यांचे हात त्यात फिरलेले. तेव्हा प्रश्न विचारणे सर्वस्वी रास्त, पण हुकूमनामा काढून दप्तर बंद करणे रास्त नव्हे, असे माझे मत आहे.

असा हुकूमनामा एकाने काढला होता. फ्रेड वर्थ या कोशकाराने किरकोळ माहितीचे कोश रचले, आणि आपला मजकूर कोणी उचलल्यास चोरी ओळखता यावी म्हणून त्यात एक खोटा दाणा पेरला: कोलंबोचे पहिले नाव फिलिप. पुढे ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या प्रश्नोत्तरांच्या खेळात हेच उत्तर आढळले, तेव्हा १९८४ मध्ये त्याने ३० कोटी डॉलरची फिर्याद ठोकली. खेळाच्या कर्त्यांनी वर्थचे ग्रंथ वापरल्याचे नाकारले नाही. इतर ग्रंथांबरोबर तेही वापरले, असे त्यांचे म्हणणे. घटितांवर कोणाची मालकी नसते, या न्यायाने वर्थ हरला, आणि १९८७ साली अपिलातही तोच निकाल कायम राहिला. त्याची अडचण मोठी मासलेवाईक होती: फिलिप ही आपली निर्मिती आहे हे सिद्ध करावयाचे तर आपल्या कोशात आपण जाणूनबुजून खोटे छापले हे भर कोर्टात कबूल करावे लागे. फ्रँक निदान पडद्यावर तरी होता.

बायकोचाही निकाल एकदा लावून टाकण्यात आला. १९७९ मध्ये, मूळ मालिका थांबली असताना आणि लेव्हिन्सन-लिंक यांचा विरोध असताना, एनबीसी या कंपनीने ‘मिसेस कोलंबो’ नावाची स्वतंत्र मालिका काढली आणि केट मलग्रू ही अवघ्या २३ वर्षांची नटी त्या भूमिकेत उभी केली. फॉक तेव्हा पन्नाशी ओलांडून गेला होता. जिची एक झलक दिसावी म्हणून इतकी वर्षे तर्क लढविले गेले, तीच आता दर आठवड्याला घरात येऊ लागली; तथापि ही ती नव्हे, असे म्हणून प्रेक्षकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. कंपनीने मालिकेचे नाव बदलले, नायिकेचे आडनाव बदलले, नवऱ्याशी तिचा घटस्फोट झाल्याचेही दाखविले, आणि एवढे करून १९८० मध्ये ती बंद पडली. १९८९ साली फॉक पुन्हा लेफ्टनंट म्हणून परतला तो तोंडी त्याच बायकोच्या गोष्टी घेऊन, आणि घटस्फोटाचा शब्द कोणी उच्चारला नाही.