दीनचे ज्ञान घ्यावे कोणाकडून?



सोने घेताना आपण हॉलमार्क पाहतो, जमीन घेताना सातबारा काढून आणतो, मुलीचे स्थळ पाहताना चार घरी चौकशी करतो. मात्र ज्या ज्ञानावर आपली नमाज, आपला निकाह, आपली कमाई आणि अखेर आपली आखिरत अवलंबून आहे, ते ज्ञान घेताना आपण काय पाहतो? बोलणाऱ्याचा आवाज, त्याचा पेहराव, की त्याला ऐकणाऱ्यांची संख्या?

हा प्रश्न मोबाइलबरोबर जन्मलेला नाही. बसरा येथील थोर ताबई इमाम मुहम्मद इब्ने सीरीन (रह., मृत्यू हिजरी ११०) लोकांना बजावत असत की, हे ज्ञान म्हणजेच दीन आहे, म्हणून ते कोणाकडून घेत आहात हे नीट पाहून घ्या. तेच पुढे सांगतात की, सुरुवातीच्या काळात सांगणाऱ्याला सनद विचारली जात नसे. फितना उद्भवल्यावर मात्र लोक विचारू लागले, तुम्ही हे ज्यांच्याकडून ऐकले त्यांची नावे सांगा. इमाम मुस्लिम (रह.) यांनी आपल्या ‘सहीह’च्या प्रस्तावनेत हे नोंदवले आहे. सनद म्हणजे ऐकणाऱ्यापासून प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापर्यंत पोहोचणारी माणसांची साखळी. ती नसती तर ज्याला जे वाटेल ते त्याने दीनच्या नावावर सांगितले असते, असे हजरत अब्दुल्लाह इब्ने मुबारक (रह.) यांचे मत होते.

नेक असणे पुरेसे आहे काय?

येथे एक अवघड नैतिक प्रश्न उभा राहतो. एखादा मनुष्य नमाजी आहे, खोटे बोलत नाही, पैशाला हात लावत नाही. त्याने सांगितलेली दीनची गोष्ट स्वीकारायला हरकत कोणती?

इमाम मालिक (रह.) यांच्याविषयी असे नमूद आहे की, मस्जिदे नबवीच्या खांबांजवळ बसून हदीस सांगणारे सत्तर जण त्यांनी पाहिले आणि त्यांच्याकडून काहीच घेतले नाही. त्यांतील कोणाच्याही हाती खजिना सोपवला असता तरी तो अमानतदार ठरला असता, हे इमाम मालिक यांना मान्य होते. तरीही ते या शास्त्राचे जाणकार नव्हते, एवढेच कारण त्यांना पुरेसे वाटले. सचोटी ही एक गोष्ट आहे आणि अचूकता ही दुसरी. हदीसच्या उलमांनी रावीमध्ये या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासल्या. त्यांतील एकीची उणीव दुसरीने भरून निघते असे त्यांनी मानले नाही.

कधी कधी तर नेक हेतूच घात करतो. मर्वचे काझी नूह इब्ने अबी मरयम यांची हकिकत हदीसशास्त्राच्या ग्रंथांत येते. कुरआनच्या एकेका सूरहचे फायदे सांगणाऱ्या हदीसी त्यांनी रचल्या. कारण विचारल्यावर त्यांचे उत्तर असे होते की, लोक फिकह आणि युद्धकथांत रमून कुरआनपासून दूर गेले होते, त्यांना परत आणण्यासाठी हे केले. हेतू कुरआनचा आणि साधन असत्याचे! उलमांनी हा हेतू ग्राह्य धरला नाही. प्रेषितांनी (स.) आपल्या नावावर जाणूनबुजून खोटे रचणाऱ्याला आगीचा इशारा दिला आहे आणि त्या इशाऱ्यात चांगल्या हेतूसाठी कोणतीही पळवाट ठेवलेली नाही.

आपल्या शाळांच्या कार्यक्रमांत ‘ज्ञानासाठी चीनला जावे लागले तरी जा’ ही हदीस म्हणून सांगितली जाते. अर्थ सुंदर आहे. तथापि इमाम इब्ने जौझी (रह.) यांनी ती रचलेल्या हदीसींच्या संग्रहात घातली आहे आणि मुहद्दिसीनच्या मते ती प्रेषितवचन म्हणून सिद्ध होत नाही. शिक्षणाचे महत्त्व सांगण्यास इस्लामपाशी भक्कम आधार आहेत, त्यासाठी उसन्या वाक्याची गरज नाही. ऐकलेले सारे पुढे सांगत सुटणे हेच माणसाला खोटा ठरवण्यास पुरेसे आहे, या अर्थाची हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. संदेश पुढे पाठवण्यासाठी अंगठा उचलण्यापूर्वी तिची आठवण ठेवावी.

‘मला माहीत नाही’

प्रेषितकाळात एक जखमी मनुष्य होता. त्याच्यावर गुस्ल फर्ज झाले. जखम असतानाही त्याला गुस्ल करण्यास सांगण्यात आले. त्याने ते केले आणि तो मृत्यू पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांना तीव्र दुःख व राग आला. सांगणाऱ्यांनीच त्याचा जीव घेतला, माहीत नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावरचा उपाय विचारणे हाच आहे, असे त्यांनी सुनावले. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची ही रिवायत ‘सुनन अबू दाऊद’मध्ये आहे. सांगणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. तरीही त्यांच्या उत्तराने एक जीव गेला.

म्हणूनच जाणते लोक उत्तर देण्यास घाबरत. इमाम मालिक (रह.) यांना एकदा ४८ प्रश्न विचारले गेले आणि त्यांपैकी ३२ प्रश्नांना त्यांनी ‘मला माहीत नाही’ असे उत्तर दिले, असे त्यांच्या शिष्यांनी नोंदवले आहे. मदीनेचा इमाम हे म्हणू शकतो. मग ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत तयार असते, त्याच्याविषयी आपण सावध का असू नये?

सामान्य माणसाने ओळखावे कसे?

जुम्यानंतर एखादा तरुण मोबाइल पुढे करून मला विचारतो, “मौलाना, हे खरे आहे का?” त्याची अडचण खरी आहे. आलिम ओळखायला ज्ञान लागते आणि ज्ञान मिळवायला आलिम लागतो. मग सुरुवात कोठून करावी?

पुरावा तोलता आला नाही तरी माणूस काही अंशी तोलता येतो. तो कोणापाशी, किती वर्षे शिकला? त्या विषयातील इतर उलमा त्याला जाणकार मानतात काय? तो ग्रंथाचे नाव व हदीसचा दर्जा सांगतो, की नुसते ‘हदीसमध्ये आहे’ म्हणतो? उर्दूवरून मराठीत आलेल्या पुस्तकावर मूळ लेखकाचे आणि अनुवादकाचे नाव आहे काय? श्रीमंत आणि गरीब विचारणाऱ्याला तो एकच उत्तर देतो काय?

आणि सर्वांत महत्त्वाचे, उत्तर देण्यापूर्वी तो तुम्हालाही काही विचारतो काय? समजा, कोकणातील एक वृद्ध शाफई आजी आयुष्यभर आपल्या मस्लकच्या वेळेनुसार असर पढत आली. मध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की शाफई मस्लकात असरची वेळ सुरू होते, तर इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या प्रसिद्ध मतानुसार ती दुप्पट झाल्यावर. आता नातवाने ऐकवलेल्या भाषणात वक्ता ठामपणे म्हणतो, त्याआधीची असर होतच नाही. वक्ता कदाचित आपल्या मस्लकची गोष्ट बरोबर सांगत असेल. परंतु समोर कोण आहे हे त्याला ठाऊक नाही आणि त्या आजीची मात्र साठ वर्षांच्या नमाजांच्या चिंतेने झोप उडते. जवळच्या मशिदीतील आलिमाने तिला एकच प्रश्न विचारला असता, “आजी, तुम्ही शाफई ना?” आणि तिचे मन शांत झाले असते.

एखाद्याच्या ज्ञानाविषयी अशी चौकशी करणे गीबत ठरते काय? इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये, लोकांना सावध करण्यासाठी आवश्यक तेवढे बोलणे हा गीबतीला अपवाद मानला आहे. मात्र ‘आवश्यक तेवढे’ हीच त्याची मर्यादा आहे. ज्ञानाची चौकशी करताना कोणाच्या खासगी आयुष्याची चर्चा करण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

विचारणाऱ्याची अमानत

आता शेवटची कसोटी, आणि ती आपली स्वतःची आहे. सूरह अन्-निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिलेला आहे. तरी कित्येक घरांत वडिलांच्या पश्चात भाऊ असा कोणी शोधत फिरतात, जो म्हणेल की लग्नात खर्च केला, आता बहिणीचा हक्क उरला नाही. पहिल्याने नाही म्हटले तर दुसरा, दुसऱ्याने नाही म्हटले तर तिसरा. येथे उणीव ज्ञानाची नसून नियतीची आहे. प्रेषितांनी (स.) स्वतःविषयीच सांगितले की, मी मनुष्य आहे, एखाद्याच्या प्रभावी मांडणीमुळे मी त्याला त्याच्या भावाचा हक्क देऊन टाकला, तर तो आगीचा तुकडा समजून त्याने घेऊ नये. प्रेषितांच्या निवाड्यानेही जे हलाल होत नाही, ते तिसऱ्या मौलानाच्या होकाराने कसे होईल?

विश्वासू आलिम शोधणे हे कर्तव्य आहेच. पण त्याने आपल्या मनाविरुद्ध उत्तर दिले तरी त्याच्यापाशी थांबणे, हे त्या कर्तव्याचे अधिक कठीण अर्धे अंग आहे.

अल्लाह आम्हांला लाभदायक ज्ञान, ते देणारे अमानतदार उलमा आणि ते स्वीकारण्याचे धैर्य देवो. आमीन.