दुर्बीण शेजारच्याच्या हाती

हिवाळ्यात पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण जवळ आलं की मन आधीच उजनी धरणाच्या पाण्याकडे धावतं. तिथे रोहित पक्षी उतरलेले असतात. वाटेत तारेवर दुभंगलेल्या शेपटीचा काळाभोर कोतवाल दिसतो. नीलपंख उडाला की पंखांतली निळाई अशी काही उघडते, की मान आपोआप वळते. पण ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर तारेवर, म्हणजे 44 मीटर रस्ता न पाहता कापला! कोणत्याही पक्ष्यापायी एवढा धोका पत्करू नये.

ज्याच्या हाती स्टेअरिंग, त्याने रस्ताच पाहावा. पक्षी टिपायचं काम शेजारच्याचं आणि मागे बसलेल्या मुलांचं. त्यांची नजर तशीही तीक्ष्ण असते. थांबायचं तर महामार्गाच्या कडेला नको. कुंभारगावसारख्या गावाकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्याला वळा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि आतच बसा. चालत्या माणसाला बिचकणारा खंड्या उभ्या गाडीला सहसा भीत नाही. दार उघडलंत, की मात्र उडालाच!

आज प्रवासाला निघणार असाल, तर चालकाच्या जागी बसण्याआधी दुर्बीण शेजारच्याच्या हाती द्या.