गर्भिणीचा विषाद आणि दोषाचा प्रश्न

मनाची जी अवस्था शरीरातील बदलांतून उद्भवते, तिचा दोष त्या व्यक्तीकडे जातो की नाही, हा धर्मविचारातील जुना प्रश्न आहे. आणि पाळीपूर्वी, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ज्या स्त्रियांना तीव्र औदासीन्य ग्रासते, त्यांच्या बाबतीत तो आजही सुटलेला नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात निराशा, चिडचिड आणि भय इतके वाढावे की नित्याचे व्यवहार अशक्य व्हावेत आणि पाळी सुरू होताच ते ओसरावे, या स्थितीला पाळीपूर्व मनोविकार म्हणतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत २०१३ साली तिला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. प्रसूतीनंतरचे नैराश्य याहून वेगळे असते. बाळंतिणीला पहिल्या काही दिवसांत येणारे रडू बहुधा दोन आठवड्यांत थांबते, नैराश्य मात्र महिनोन्महिने टिकू शकते, आणि त्याची सुरुवात पुष्कळदा गरोदरपणातच झालेली असते.

देवाने पदरात मूल घातले, आता रडायचे कारण काय, असे जेव्हा अशा बाळंतिणीला विचारले जाते, तेव्हा तिच्या दुःखाला कृतघ्नतेचा दोष चिकटवला जातो. या दोषकल्पनेची मुळे खोल आहेत. इंद्राने विश्वरूपाचा वध केल्यावर त्या ब्रह्महत्येचा भार पृथ्वी, वृक्ष आणि स्त्रिया यांनी वराच्या मोबदल्यात वाटून घेतला आणि स्त्रियांच्या वाट्याचा अंश मासिक पाळीच्या रूपाने दिसतो, अशी कथा तैत्तिरीय संहितेत आहे. रजस्वलादोषाच्या क्षालनासाठी सांगितलेले ऋषिपंचमीचे व्रत आजही महाराष्ट्रात पाळले जाते. हत्या इंद्राची आणि प्रायश्चित्त स्त्रीचे, ही वाटणी न्याय्य म्हणता येत नाही. विटाळ देहातच उपजतो, तर त्यावाचून देह कोणाचा, हा सोयराबाईंनी चौदाव्या शतकात विचारलेला प्रश्न या दोषकल्पनेच्या मुळावरच घाव घालतो.

सांख्यदर्शनाने याचे उत्तर अधिक पद्धतशीरपणे शोधण्याची सोय करून ठेवली आहे. त्या दर्शनानुसार बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीचीच कार्ये आहेत, म्हणजे देहाप्रमाणेच त्रिगुणांनी घडलेली आहेत, आणि पुरुष म्हणजे शुद्ध चैतन्य त्यांचा केवळ साक्षी आहे. मग तमोगुणाने झाकोळलेले मन जितके प्रकृतीचे, तितकेच प्रसन्न मनही प्रकृतीचेच ठरते. एकाला पाप आणि दुसऱ्याला पुण्य मानण्यास तेथे आधार उरत नाही. आधुनिक संशोधनही याच दिशेने जाते, कारण पाळीपूर्व मनोविकार असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण सारखेच आढळते; फरक असतो तो त्यांच्या चढउताराला मेंदू किती तीव्र प्रतिसाद देतो याचा, आणि हा प्रतिसाद कोणी इच्छेने निवडत नाही.

तथापि सारे काही प्रकृतीवर सोपवण्यातही एक अन्याय दडलेला आहे, कारण त्यामुळे स्त्रीच्या रास्त तक्रारीलाही 'पाळी जवळ आली असेल' म्हणून बाजूला सारता येते. गोव्यातील मातांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे दिसले. त्याचा संबंध दारिद्र्याशी आणि पतीशी असलेल्या बिघडलेल्या नात्याशी होता, आणि उपासमार व नवऱ्याची मारहाण यांचा परिणाम मुलगा झाला की मुलगी यावरही अवलंबून होता. ही कारणे गर्भाशयात शोधून सापडणार नाहीत.

येथे चरकसंहितेचे शारीरस्थान लक्षपूर्वक वाचले पाहिजे. सतत शोक करणाऱ्या गर्भिणीचे अपत्य भित्रे आणि दुर्बळ होते, असे त्यात म्हटले आहे, आणि गर्भसंस्काराच्या वर्गांतून आनंदी राहण्याची जी ताकीद दिली जाते, तिच्यामागे हाच विचार असतो. आधीच खचलेल्या स्त्रीच्या पदरात त्यातून आणखी एक अपराध पडतो. परंतु त्याच ग्रंथाने गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या पात्राची उपमा देऊन, ते न हिंदकळता नेणाऱ्याप्रमाणे तिची शुश्रूषा करावी, असेही सांगितले आहे. तेल सांडले तर जाब पात्राला विचारत नाहीत. म्हणजे तिच्या प्रसन्नतेचे कर्तव्य सासर, माहेर, पती आणि वैद्य यांच्याकडे येते. वर्गांतून हा अर्धा भाग गाळला जातो, तो परंपरेतच नव्हता म्हणून नव्हे, तर तो घरातील इतरांना बांधून घेतो म्हणून.

समुपदेशनाने, आणि गरज पडल्यास औषधांनी, यांतील बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. मूल अंगावर पीत असतानाही घेता येतील अशी औषधे वैद्यक जाणते. म्हणून गर्भसंस्कार शिकवणाऱ्यांनी, कीर्तनकारांनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी गर्भिणीचा व बाळंतिणीचा विषाद हे पाप नव्हे असे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा तिच्या बोलण्यात मरणाचा विचार आला, तर व्रतवैकल्याची वाट न पाहता तिला डॉक्टरांकडे न्यावे.