मूल शाळेंत येत नाहीं, तर दोष कोणाचा?

आमच्या मराठवाड्यांतील खेड्यांतून दिवाळी सरली म्हणजे कित्येक कुटुंबें बिऱ्हाड बांधून ऊसतोडीस निघतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतही हें दृश्य नवें नाहीं. नांवें हजेरीपटावर राहतात, मुलें उसाच्या फडांत असतात. शिक्षक म्हणतो, "आईबापांस विद्येची चाड नाहीं." आईबाप म्हणतात, "पोटापुढें शाळा कसली?" आम्हींही "गैरहजर" असा शेरा लिहून समाधान मानिलें आहे. परंतु तेवढ्यानें आमचें कर्तव्य संपलें काय?

हाच प्रश्न बोर्डी येथें ताराबाई मोडक यांजपुढें आला होता. हें गांव त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत होतें, आतां पालघर जिल्ह्यांत आहे. बालशिक्षणांत नांव मिळविलेल्या या बाईंनीं 1945 सालीं, वयाच्या 53 व्या वर्षीं, तेथें बालवाडीचें काम आरंभिलें. त्यांच्या साहाय्यास अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षीं लग्न व थोड्याच महिन्यांत वैधव्य, अशा स्थितींतून अनुताईंनीं विद्या संपादिली होती. दलित वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां या दोघींनीं दोष कोणाचा याचा निवाडा करीत न बसतां बालवाडीच त्या वस्तींतील अंगणांत नेली. तीच अंगणवाडी. पुढें कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम करितांना, गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं शाळा कुरणांत गेली. धाकट्या भावंडास सांभाळण्यांत थोरल्या मुलीची शाळा बुडते असें दिसलें, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं एके ठिकाणीं आणिलीं. महाग साधनांऐवजीं पानें, बिया, शिंपले व काड्या घेतल्या. जो डोळा पानापानांतील भेद ओळखतो, तो पुढें अक्षरांतील भेदही ओळखूं लागतो.

यावर कोणी म्हणेल, "जें आयतें दारीं येतें त्याची किंमत राहत नाहीं, आईबाप अधिकच निष्काळजी होतील." या आक्षेपांत कांहीं तथ्य आहे. आईबापांची जबाबदारी आम्ही माफ करीत नाहीं. पण चार वर्षांच्या लेंकरानें शाळा नाकारली नाहीं. गरिबीनें त्याचा रस्ता अडविला. वडिलांची चूक ठरेपर्यंत तें वाट पाहूं शकत नाहीं, कारण त्याचें वय थांबत नाहीं. म्हणून ज्याच्या पायांत चालण्याचें बळ आहे, त्यानेंच आधीं चालावें हें न्यायाचें होय.

सरकारनें 1975 सालीं सुरू केलेल्या बालविकास योजनेच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव मिळालें. तें नांव पाटीवर राहून चालणार नाहीं. वाचकहो, यंदा बिऱ्हाडें निघण्यापूर्वीं आपल्या गांवांत चौकशी करा. कोणतें मूल आजीजवळ राहूं शकेल? जें जाणार आहे, त्याच्या गांठोड्यांत पाटी व पुस्तक बांधलें आहे काय? मागें राहिलेल्या मुलांस संध्याकाळीं आपल्या ओट्यावर घेऊन कोण बसेल?

एक दिवस बसणें सोपें आहे. अनुताई 1945 पासून 1992 सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे 47 वर्षें, लहान मुलांच्या कामांत राहिल्या. आपणांस निदान एक हंगाम तरी नेमानें बसतां येईल.