रिकामी जागा

मुलुंड आणि ठाणे या दोन स्थानकांमध्ये जेमतेम दोनेक किलोमीटरचं अंतर आहे. त्या पट्ट्यात, रुळांच्या पश्चिमेला, ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्याच जमिनीच्या एका तुकड्यावर नवं रेल्वे स्थानक व्हावं असं ठाणे महापालिकेनं ठरवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. स्मार्ट सिटी योजनेत हे काम घेतलं गेलं. जमीन आरोग्य खात्याची, म्हणजे राज्याची. गाड्या रेल्वेच्या, म्हणजे केंद्राच्या. आणि स्थानक हवं महापालिकेला. प्रकरण उच्च न्यायालयातही रखडलं. २०२३ मध्ये न्यायालयानं जमीन हस्तांतरणाचा मार्ग मोकळा केला. वर्तमानपत्रं तेव्हापासून त्याला 'विस्तारित ठाणे स्थानक' म्हणतात.

रेल्वे स्थानक कुठे असावं हे एखाद्या महापालिकेनं ठरवू पाहणं ही आपल्याकडे विरळ गोष्ट आहे. शेजारी नवी मुंबईत सिडकोनं स्थानकांच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा उचलला, पण तिथे स्थानक आणि शहर बरोबरच आखलं जात होतं. ठाण्याचं तसं नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली, आणि त्यानंतरचं सगळं शहर त्या एका स्थानकाला लटकून वाढलं. आधी तलावपाळीच्या आसपास, मग वागळे इस्टेट, मग घोडबंदर रस्त्याला थेट गायमुखापर्यंत. माणसं दहा-बारा किलोमीटरवर राहायला गेली, तरी सकाळी सगळ्यांचं तोंड त्याच जिन्याकडे.

मी ठाण्यात राहते आणि ऐरोलीला कामाला जाते. म्हणजे पश्चिमेकडून आत शिरायचं, पूल चढायचा, ट्रान्सहार्बरसाठी फलाट क्रमांक ९ किंवा १० गाठायचा. हे एकदा संध्याकाळी साडेसातला उलट्या दिशेनं करून पाहावं. नवं स्थानक झालं तर माझी गाडी तिथून सुटणार नाही, पण त्या पुलावरची गर्दी पांगेल. तेव्हा पुढचं सगळं लाभार्थीनं लिहिलेलं आहे, असं समजून वाचावं.

या प्रकल्पाबद्दल बोलताना एक शब्द फार सहज येतो: 'रिकामी जागा'. मनोरुग्णालयाची जमीन रिकामी पडून आहे, असं रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या अध्यक्षांपर्यंत सगळे म्हणतात. जमीन कुणासाठी रिकामी असते? आमच्या धंद्यात याला एक समांतर आहे. एखाद्या जुन्या प्रणालीतला एखादा भाग काढून टाकायचा का, हे ठरवताना आधी पाहतात की त्याबद्दल शेवटची तक्रार कधी आली होती. दोन वर्षांत एकही तक्रार नसेल तर तो भाग कुणी वापरत नाही, असं धरलं जातं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कधीकधी वापरणारा असतो, फक्त त्याला तक्रार नोंदवायची सोय नसते. मनोरुग्णालयातल्या माणसांना वॉर्डाच्या खिडकीतून दिसणारी झाडं, भिंतीपलीकडची शांतता, चार पावलं चालायला मिळणारी माती, यांचा उपयोग होतो की नाही हे विचारायला कुठली जनसुनावणी त्यांच्यापर्यंत गेली असेल असं मला वाटत नाही. ते इथले मतदार म्हणून मोजले जात नाहीत, प्रवासी म्हणून तर नाहीतच.

त्यातून हे रुग्णालय १९०१ सालचं, देणगीतून उभं राहिलेलं. ज्या वेळी ते बांधलं तेव्हा वेड्यांना गावापासून लांब ठेवावं हीच दृष्टी होती, म्हणून एवढी मोठी जागा गावाबाहेर मिळाली. मग गाव चालत चालत तिथवर आलं आणि म्हणालं, ही जागा मोक्याची आहे. गंमत अशी की मराठीत 'ठाण्याला पाठवा' हा वाक्प्रचार याच भिंतींमुळे रुजला. आम्ही ठाणेकर पुण्यात शिकायला गेलो की पहिल्या आठवड्यात हा विनोद ऐकतो. (पुणेकरांचं स्वतःचं येरवडा आहे, ते मात्र त्यांच्या लक्षात नसतं.)

आता हिशोब. समजा, नव्या स्थानकामुळे एक लाख माणसांची रोज सात मिनिटं वाचली. आकडे माझे, फक्त समजुतीपुरते. सात लाख मिनिटं म्हणजे सुमारे ४८६ दिवस. रोजच्या रोज सव्वा वर्षाहून जास्त मानवी वेळ वाचला! त्यापुढे काही शे रुग्णांची झाडं, सावली आणि शांतता ती काय? प्रकल्प अहवालांमध्ये असाच हिशोब असतो, आणि इंजिनिअर म्हणून मला तो आवडतोही. पण त्यात एक गोम आहे. ते ४८६ दिवस कुणीही जगत नाही. प्रत्येक माणूस फक्त सात मिनिटं जगतो, त्यात फार तर एक चहा होतो. बेरीज कागदावर होते. माणसांची बेरीज होत नाही. जॉन रॉल्सनं १९७१ साली उपयुक्ततावादावर नेमका हाच आक्षेप घेतला: ही विचारपद्धत माणसं एकमेकांपासून वेगळी आहेत, ही गोष्ट गांभीर्यानं घेत नाही.

टी. एम. स्कॅनलन या तत्त्वज्ञानं त्याच्या १९९८ सालच्या पुस्तकात एक उदाहरण दिलंय. फुटबॉलच्या विश्वचषकाचा सामना चालू आहे, कोट्यवधी लोक टीव्हीला खिळलेत. प्रक्षेपण केंद्रात एका तंत्रज्ञाच्या हातावर यंत्र पडलंय आणि त्याला विजेचे भयंकर झटके बसतायत. त्याला सोडवायचं तर पंधरा मिनिटं प्रक्षेपण बंद करावं लागेल. सामना संपायला तास आहे. थांबायचं का? स्कॅनलन म्हणतो, नाही. प्रेक्षक किती आहेत याचा प्रश्नच येत नाही. एकेका प्रेक्षकाची तक्रार घ्या, आणि ती त्या तंत्रज्ञाच्या तक्रारीशेजारी ठेवा. ज्याची तक्रार जड, त्याच्या बाजूनं निर्णय.

हे मला पटतं. आणि पटतं म्हणूनच, झाडं वाचवा म्हणणाऱ्या माझ्या मित्रमंडळींना ते जितकं सोयीचं वाटतं तितकं ते नाही. कारण या पद्धतीनं पाहिलं तर स्थानकाच्या बाजूनं सगळ्यात जड तक्रार सात मिनिटांची नाहीच. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या जिन्यावर, पावसात, चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसं मेली. कामावर जाणारी माणसं. ठाण्याच्या पुलावर पावसाळ्यात दोन गाड्या एकदम आल्या की तो दिवस आठवत नाही असा रोजचा प्रवासी मला माहीत नाही. बॅग पोटाशी धरायची, कोपर बाहेर काढायचं, पायरी नजरेनं नव्हे तर पायानं शोधायची, हे सगळ्यांनाच येतं. त्या जिन्यावर अडकलेल्या एका बाईची तक्रार आणि वॉर्डाच्या खिडकीतून झाडं न दिसण्याची एका रुग्णाची तक्रार, एकास एक ठेवून पाहिली तर बाईची जड आहे. एक लाखांनी गुणायची गरज नाही. म्हणून मला वाटतं, स्थानक व्हायला हवं.

पण मग समर्थन ज्या कारणानं केलं, त्या कारणाला प्रकल्प बांधील राहतो. इथे गोष्ट अवघड होते. जिना आणि पूल यांची गर्दी वेगळी, डब्यातली गर्दी वेगळी. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकणारी माणसं रुळांवर पडली आणि जिवाला मुकली. नवं स्थानक त्या माणसांसाठी काहीच करत नाही. थांबा वाढतो, गाड्या वाढत नाहीत. डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्याचा प्रवास उलट मिनिट-दीड मिनिटानं लांबतो. प्रणालीत एका ठिकाणची कोंडी सोडवली की ती पुढच्या ठिकाणी जाऊन बसते, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षात कळतं. तेव्हा पुढाऱ्यांच्या फलकांवर लटकत्या प्रवाशांच्या नावानं या स्थानकाचं श्रेय घेतलं गेलं, तर तो दावा खोटा आहे. आणि स्थानकाभोवतीच्या नव्या मनोऱ्यांमधल्या फ्लॅटचे भाव चढतील, तो लाभ तर या हिशोबात बसतच नाही. दर चौरस फुटामागे वाढलेल्या भावासाठी रुग्णालयाची जमीन मागायला कुणीही समोरासमोर जाणार नाही. पुलावरच्या बाईला पुढे केलं की मात्र मागता येते. तिच्या नावानं मागितलेली जमीन तिच्याच कामी यायला हवी: रुंद जिने, पुरेसे पूल, फेरीवाल्या-रिक्षांच्या वेढ्यातून सुटलेली दारं. वरच्या मजल्यावरची दुकानं नंतर.

आता दुसरी बाजू. मी रुग्णांच्या शांततेबद्दल लिहिलं, पण त्या शांततेबद्दल भाबडं होण्यात अर्थ नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचं १९ वं कलम म्हणतं की प्रत्येक मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे. घरच्यांनी नाकारलं, घर नाही किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणानं कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी सरकारनं मधली घरं, सामूहिक निवास उभे करायचे आहेत. बरी झालेली आणि तरीही न्यायला कुणी न आलेली माणसं आपल्या मनोरुग्णालयांमध्ये वर्षानुवर्षं राहतात, हे काही गुपित नाही. काहींनी दिलेला पत्ता चुकीचा निघतो. काहींचा बरोबर असतो, पण घरातले म्हणतात, आम्ही ओळखत नाही.

म्हणजे झाडांची जागा वाचवणं आणि त्या माणसांची बाजू घेणं या दोन एकच गोष्टी नाहीत. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मनोरुग्णालयातली झाडं वाचवा म्हणून सह्यांचा अर्ज फिरला, तेव्हा भराभर सह्या झाल्या. मी तिथेच विचारलं की आपल्या मागच्या रिकाम्या बंगल्यात बऱ्या झालेल्या सहा जणींचं सामूहिक निवास निघालं तर आपली हरकत असेल का. एका काकूंनी हात जोडलेलं चित्र टाकलं. नंतर कुणीतरी पाण्याच्या टँकरबद्दल लिहिलं.

म्हणून मला वाटतं की ज्यांची जमीन घेतली त्यांना परत काय दिलं, हा प्रश्न झाडाला झाड किंवा एकराला एकर असा सुटत नाही. निम्हान्सच्या धर्तीवर नवं रुग्णालय बांधायची घोषणा झालीये. उत्तम; पण ती सरकारनं सरकारला दिलेली भरपाई झाली. जमीन देणारं आरोग्य खातं आणि घेणारे शासनाचेच दुसरे हात, या व्यवहारात रुग्णाच्या वतीनं बोलणारा पालक आणि गिऱ्हाईक एकाच घरातले आहेत. आमच्याकडे एकाच माणसानं कोड लिहून स्वतःच मंजूर करायला परवानगी नसते, इतकी साधी ही गोष्ट आहे. जमीन ज्या कामासाठी घेतली ते काम म्हणजे येण्याजाण्याची सोय. परतफेडही त्याच चलनात मागायला हवी: किती माणसं या वर्षी बाहेर गेली, कुठे राहिली, त्यातली किती टिकली. जमिनीच्या ताबापावतीला हा तक्ता जोडता आला असता. महापालिकेच्या हद्दीत मधल्या घरांसाठी चार इमारती शोधणं हे रुळांवर स्थानक उभारण्यापेक्षा अवघड नाही. फक्त त्याचं भूमिपूजन करायला कुणी येणार नाही.

नावाचा वाद अजून सुरू झालेला नाही, पण तो होईलच. मुंबईत स्थानकाला नाव देणं हा स्वतंत्र उद्योग आहे. महापुरुष सुचवले जातील, गावठाणाचं जुनं नाव निघेल, आंदोलनं होतील. बसथांब्याचं नाव पूर्वीपासून 'मनोरुग्णालय' म्हणूनच तोंडात आहे, कंडक्टर तसंच ओरडतो, रिक्षावाल्याला तसंच सांगावं लागतं. लोकलमध्ये 'पुढील स्टेशन मनोरुग्णालय' अशी घोषणा ऐकू यावी असं मला मनापासून वाटतं. तीनदा, तिन्ही भाषांत. मी हे घरी जेवताना म्हटलं तर बाबा हसून म्हणाले, "अगं, तिथे फ्लॅट कोण घेईल?"